पीळ

ट्रेगारनच्या वर, रस्ता संपतो तिथे,
फेब्रुवारीतले पहाटेचे सव्वातीन.
गोठ्यात एकच दिवा, भोवती वाफ:
गाईची, माणसांची, बादलीतल्या पाण्याची.

खांद्यापर्यंत हात आत घालून मी डोळे मिटते.
इथे डोळ्यांचं काही काम नसतं.
बोटांना पिळा लागतो,
पिळलेलं धुणं झटकायचं राहून जावं तसा,
डावीकडे वळत आत आत गेलेला.
पलीकडे, जेमतेम फटीतून, एक खूर.
बेचक्यात चिमटा काढते. खूर मागे सरकतो.
आहे.

"कालपासून नुसती ऊठबस," इओलो म्हणतो,
"वाटलं, वेळ घेतेय."
मी काही बोलत नाही.
आमच्याकडे म्हणतात, अडली गाय फटके खाय.
इथे तिला कुणी बोटही लावलं नव्हतं,
तेच चुकलं होतं.

दोर गळ्यातून, छातीवरून, कासेच्या पुढून.
ओढला तशी ती डाव्या कुशीवर गेली,
सावकाश, कंबर धरून बाई टेकते तशी.
बरगड्यांमागे फळी,
बंद पडलेल्या चॅपलच्या बाकाची,
प्रार्थनापुस्तकाची खाच अजून आहे तिला.
फळीवर मॅक्सेन, इओलोचा भाचा, वय सोळा.
बूट काढ, असं मी म्हटलं नव्हतं.
त्याने आपणहून काढले.

पिशवी जागच्या जागी दाबून धरायची
आणि तिच्याभोवती अख्खी गाय फिरवायची.
शिरवळच्या वर्गात सरांनी हे
रुमालात लिंबू बांधून दाखवलं होतं.
लिंबू लाथ मारत नाही.

पहिल्यांदा नाही सुटला.
दुसऱ्यांदाही नाही.
नेरिसने आणलेला चहा तसाच निवला.
सुंभ जळला तरी, असं काहीतरी मनात येत होतं,
ते मी तिथेच थांबवलं.

तिसऱ्यांदा हात आतच ठेवला, मी शेणात आडवी.
चारी पाय आढ्याकडे असताना
मनगटावरून काहीतरी सर्रकन फिरलं
आणि बाही कोमट पाण्याने भरून गेली.

इओलो वाकून म्हणत होता, "देरे, देरे."
त्याच्या भाषेत: ये.
माझ्या कानांना ऐकू आलं, दे रे.
मीही म्हणू लागले, त्याच्याच सुरात,
कुणाला कोण जाणे.

कालवड. काळी, जीभ सुजलेली.
नाकात काडी घातली तेव्हा कुठे शिंकली.
आई मान वळवून तिला चाटत राहिली,
उठायचं नावच घेईना.
मॅक्सेनचा एक बूट तिच्या पोटाखाली होता.
ती उठेपर्यंत तो मोज्यांवर थांबला,
फळी दोन्ही हातांत धरून.