जाळं नसलेली

चपला बाहेर राहू देत, हे बूट घाल, जुवेन्सियो.
घालण्याआधी उलटे करून झटक.
इथंच असं नव्हे, घरीसुद्धा. आजपासून जन्मभर.

ही खोली. दोनशे बारा डबे.
डब्यात एकच ठेवायची. दोन ठेवल्या
तर सकाळी एकच सापडते, जरा जाड झालेली.

कोळीण म्हणायचं, आणि जाळं नाही हिच्याकडे.
घर नाही, दार नाही, वाट बघत बसणं नाही.
अंधार पडला की निघायचं, एवढं ठाऊक.
रिबेइराच्या खोऱ्यात केळीच्या घडांमधून
हिच्या आज्या-पणज्या अशाच चालत राहिल्या,
कुणाच्या पाटीत, कुणाच्या वाळत घातलेल्या बाहीत,
आणि एका मार्चमध्ये
माझ्या भावाच्या डाव्या बुटात.

आता हिला मी वीतभर प्लास्टिकमध्ये ठेवते
आणि वर चिठ्ठी लावते: फिरस्ती, मादी, क्रमांक अमुक.
हसलास? मीही पहिल्या दिवशी हसले होते.

पुढचे चार पाय उचलून ती उभी राहते,
म्हणून आर्मादेइरा, शस्त्र उपसलेली.
लोक म्हणतात चिडली.
मला वाटतं, ती सांगते आहे.
इतकं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नाही.
तेव्हा थांब. चिमटा सावकाश मागे घे.
श्वास तिच्यावर सोडू नकोस,
आणि चिमटा लांब आहे या भरवशावर राहू नकोस,
तिच्या लेखी तो जिना आहे.

नर सोडायचा तो तिचं पोट भरल्यावर.
तीन झुरळं, एक दिवस विसावा.
नर म्हणजे काटक्याच, तोंडाशी दोन मुठी,
त्या मुठींत त्याचा सगळा संसार.
उंबऱ्यावर तो आधी थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो.
मी पुठ्ठ्याचा तुकडा धरून बसते,
वेळ आली तर मध्ये सरकवायला.
अकरा वर्षांत निम्म्या वेळा उशीर झाला.
माझ्या लग्नात कुणी पुठ्ठा धरला नव्हता.
ते असो.

मग एके सकाळी छातीशी पांढरी चकती.
ती धरून बसते, खात नाही,
झुरळ तिच्या पायांवरून चालत गेलं तरी.
पिल्लं साखरेच्या दाण्याएवढी, आठ-नऊशे.
ओल्या कुंचल्यानं एकेक उचलायचं, एकेका कुपीत,
भावंडांपासून भावंडांना वाचवायचं.
त्यांना फळमाश्या लागतात,
फळमाश्यांना कुजकं केळं.
बघ, फिरून केळीपाशीच आलो.

कात टाकताना उलटी लटकते.
जुने पाय, जुने डोळे, जुने विषदंतसुद्धा
सदऱ्यासारखे उतरवून ठेवते.
बाहेर येते ती मेणासारखी, मऊ.
त्या तासात ती कुणाचंच काही करू शकत नाही.
त्याच तासात हात लावायचा नाही.

विष थेंबभर. थेंबातलं थोडं घोड्याला,
घोड्याचं रक्त, रक्ताचं पाणी, बाटली,
बाटली नदीपल्याडच्या दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये.
त्या दिवशी तिथं एक होती. एकच.
अनाक्लेतो तेव्हा आठ वर्षांचा. घामानं चिंब,
ओरडायचा थांबला तेव्हा मी जास्त घाबरले.
आज त्याची स्वतःची बाग आहे.
दर महिन्याला केळी पाठवतो, काळी पडलेली,
माश्यांसाठी. स्वतः या दाराशी कधी आला नाही.

आता दिवा मालव. बॅटरी कपाळाशी धर,
डोळ्यांच्या रेषेत. फिरव हळूहळू.
दिसलं? रात्रीच्या बसमधून
लांबचं गाव दिसतं तसं, हिरवट.
कोळ्याला पापणी नसते, तेव्हा मोजणं सोपं.
दोनशे बारा भरले पाहिजेत.

किती?

पाठ करून बसली असेल एखादी.
पाय हलवू नकोस.
पुन्हा मोज. सावकाश.