गाठी

पस्तीस वर्षं मी राख पुसली.
खिडकीच्या गजांवरची,
वाळत घातलेल्या पापडांवरची,
यांच्या कानामागची.
परळीत राहायचं म्हणजे
फडकं हातात घेऊनच जन्माला यायचं.

आणि लिंबराज,
चंब्याहून सफरचंदाची गाडी घेऊन आलेला,
खिशातून काडेपेटी काढत सांगतो,
"मावशे, ह्याला राख लागती.
जंगल जळालं की पुढल्या साली तिथंच उगवती.
गुच्छी म्हणत्यात तिकडं."

पेटीत वाळकं काहीतरी,
मोहोळाचा तुकडा म्हणावा तर करडा,
करंगळीएवढा.
वास मातीचा, पण आपल्या मातीचा नाही.
किलोचा भाव त्यानं सांगितला
तेव्हा हे बाजेवर उठून बसले.

म्हणलं, थर्मलची राख चालंल का?
हसला. लाकडाची पाहिजे.
म्हणजे बघा,
गावभर एवढी राख, आणि तीही कामाची नाही.

कौसरभाभींच्या भावाच्या बेकरीतून
बाभळीची आणली, पोत्यातून,
रस्ताभर सांडत.
गुच्छी भिजवली गुळाच्या पाण्यात.
गहू शिजवला, निथळला,
लोणच्याच्या बरण्यांत भरून
कुकरमध्ये पुन्हा दोन तास.
पलीकडची ठकू डोकावली,
"काय शिजवायलीस गं एवढं?"
"काहीच नाही," म्हणलं.
तीन बरण्या हिरव्या पडल्या, एक काळी.
पाचवीचं झाकण मी उघडलंच नाही,
तशीच पुरली.

सहावीत पांढरा धागा धरला.
मग तो तपकिरी झाला
आणि दाण्यादाण्यांमध्ये गाठी पडल्या,
भाजक्या शेंगदाण्यासारख्या.

गाठ. हा शब्द मला माहीत आहे.
यांच्या एक्स-रेवर डॉक्टरनं पेनाचं टोक टेकवलं होतं,
"जुनी आहे. काही करत नाही.
नुसती बसून आहे."

पानवाल्या इस्माईलचा मोडका फ्रीज घेतला,
काचेच्या दारावर कोल्ड्रिंकची अर्धी बाटली
अजून फेसाळतेय.
आत काळी माती, वाळू, राख,
आणि त्या गाठी.
बाहेर बेचाळीस, आत बारा.
लाईट बिल यांनी दोनदा वाचलं,
एकदा चष्मा लावून, एकदा काढून.
"हिमालय आणलाय घरात," म्हणाले,
"तोही उधारीवर."

दोन हिवाळे गेले. गुच्छी आली नाही.
एकदा माती फुगली, तडकली.
रात्री चार वेळा उठले मी टॉर्च घेऊन.
सकाळी बघते तर हरभऱ्याचा कोंब,
मातीसोबतच आला असणार.
उपटला नाही.
पांढरा पडत पडत आपोआप गेला.

लिंबराजचा फोन येतो पठाणकोटहून,
मागं हॉर्न, कुणाचं तरी भांडण.
"आली का?"
"गाठी आहेत."
"मग यील की."
रस्त्यावरची माणसं असंच बोलतात,
पुढचं गाव दिसत नसलं तरी.

काल रात्री लाईट गेली.
फ्रीज थरथरला, गप्प झाला.
दाराचं रबर तर कधीचं सैल.
मी अंधारात पोतं शोधलं, भिजवलं,
घेऊन आले
तर हे खुर्ची ओढून
दाराला पाठ लावून बसलेले,
दार हलू नये म्हणून
खोकला गिळत.

"उघडू नको," म्हणाले,
"गार जाईल सगळं."