डाव्या दिव्याची परीक्षा

सकाळी सहाला मी त्याला रंग लावते.
कपाळाला निळा, एका गुडघ्याला हिरवा, दुसऱ्याला लाल.
नाटकवाले वापरतात तसला तेलकट रंग,
म्हणजे मागाहून कळतं, काय कुठे आपटलं.
अर्ल म्हणतो आम्ही त्याला.
अठ्ठ्याहत्तर किलो, अकरा नंबरचे बूट,
मागेपुढे रडणारं कोणी नाही,
आणि बरगड्या अशा की दर धडकेचा हिशेब
दशांश चिन्हापुढे तीन घरं सांगतात.

आजची गाडी मोत्याच्या रंगाची,
उभ्या जन्मात अकरा मैल चाललेली.
किंमत म्हणजे माझं घर, त्यावरचं कर्ज,
आणि वर शेजाऱ्याची दोन वासरं.
आत अक्रोडाची फळी, इतकी गुळगुळीत
की रस्टीने तिच्यात बघून दात कोरले.
कातड्याला नव्या बायबलचा वास.

जुनी परीक्षा निम्म्या तोंडाची होती.
तीत या सगळ्या पहिल्या वर्गात पास.
प्रश्न घोकलेला, उत्तर घोकलेलं.
नवीन प्रश्न एवढासाच:
फक्त डावा दिवा, आणि त्याच्यामागची चार बोटं.
मजबूत हाडं सगळी मधे असतात.
कडेला नुसता पत्रा
आणि रुबाब.

ताशी चाळीस मैल.
ब्लू रिजच्या वळणांवर
चर्चला उशीर झालेला माणूस याहून जोरात जातो.

मग दिवे. इतका उजेड की सावलीला जागा उरत नाही.
कोणीतरी उलटे आकडे मोजतं.
मी अजूनही डोळे मिटते.
पंधरा वर्षं पगार घेते बघायचा, आणि डोळे मिटते.

चाक मागे आलं, थेट पायांत.
स्टिअरिंग उजवीकडे झुकलं,
एअरबॅगच्या काठावरून अर्लचं डोकं घसरलं
जसं दारुड्याचं मित्राच्या खांद्यावरून,
आणि खिडकीवरचा फुगणारा पडदा
फुगलाच नाही.
दाराच्या खांबावर निळा ठसा, तळहाताएवढा.
अक्रोडाच्या फळीला ओरखडा नाही.
घड्याळ चालू. नऊ वाजून बारा.

काचेपलीकडून कंपनीची माणसं आली.
त्यांच्यातले ओल्टमान्स, ब्रेमेनचे, कडक इस्त्रीचे,
काचांच्या चुऱ्यात गुडघे टेकून बसले.
अर्लचा पाय सुटेना.
नडगीचे बोल्ट काढावे लागले.
बूट आतच राहिला.
"चौदा वर्षं मी या दारावर काम केलं," ते म्हणाले,
"बंद होतानाच्या आवाजावर."
मी काय बोलणार?
आवाज खरंच छान होता.

वेंडेल, माझा धाकटा भाऊ,
विजेच्या खांबाला धडकला, डाव्या दिव्यानेच.
सतरा वर्षं जुनी गाडी, दाराला दोरी बांधलेली.
शेरीफ म्हणाला, नशीब.
आई म्हणाली, पैसे असते तर.
मीही तेच धरून बसले होते,
हप्त्यांच्या पावत्या जपाव्यात तसं:
पैसे असते तर.

आणि आता हा बूट.

समाधान म्हणू का याला? नाही म्हणवत.
कारण गेल्या मंगळवारची ती राखाडी गाडी,
शाळेतल्या बाई चालवतात तसली,
चिंधीच्या सीटची, प्लास्टिकच्या फळीची,
तिच्यातून अर्ल जसाच्या तसा निघाला,
नाकावर खडूची पूड तेवढी.
कोणीतरी, कुठल्यातरी टेबलावर,
कोणी विचारण्याआधीच
त्या चार बोटांचा विचार केला होता.

संध्याकाळी कोल्ड क्रीमने त्याचं कपाळ पुसते.
निळा सहज निघतो, लाल चिकट.
रस्टी नवा घोटा शोधतोय कपाटात,
डावा, डावा, सगळे उजवेच उरलेत म्हणतो.
माझा पिकअप बाहेर उभा आहे,
डावा दिवा गेले दोन महिने मिणमिणता.

उद्या काळी गाडी आहे.
तिच्या सीट म्हणे आपोआप गरम होतात.