काना, मात्रा, वेलांटी

माझगावच्या म्हातारपाखाडीला लागून एक छापखाना होता.
आता तिथे दातांचा दवाखाना आहे.
उरुसाची पत्रकं, नोव्हेनाच्या पुस्तिका, गोदीतल्या पावत्या,
सगळं एकाच शाईतून निघायचं.

माझा बाप बस्त्याव घोन्साल्विस आणि शरफुद्दीन तुंगेकर,
दोघे खिळे-जुळारी, शेजारशेजारच्या केसवर.
मी भिंतीकडच्या टेबलावर फर्म्यांच्या घड्या घालायचे,
हाडाची पट्टी कागदावर ओढत,
कान त्यांच्याकडे.

वाद एका शब्दाचा होता.
निरोपाच्या रात्री येशूने सांगितलं, माझ्यानंतर दुसरा एक येईल.
आमच्या शास्त्रात त्याला कैवारी म्हटलंय.
बाप म्हणायचा, तो पवित्र आत्मा. पन्नासाव्या दिवशी आला, विषय संपला.
चाचा म्हणायचे, तो आमचा नबी. विषय आता सुरू होतो.

— अरे, समोर बसलेल्यांना म्हणाला, तुम्हांला.
ते काय सहाशे वर्षं जेवणावर बसून राहणार?
— नगरसेवक तुमच्या गावठाणाला म्हणाला, तुम्हांला नळ देतो.
म्हातारे गेले, नळ नातवंडांना आला. खोटं बोलला का तो?
— तो नगरसेवक होता, शरफू!

कुणा मौलवीकडून चाचांनी दोन ग्रीक शब्द आणले
आणि खिळ्यांत जुळवून दाखवले.
पाराक्लेतोस, म्हणजे कैवारी.
पेरिक्लुतोस, म्हणजे स्तुत्य. अरबीत अहमद.
"व्यंजनं तीच आहेत, बस्त्या.
प चा काना काढ, मात्रा दे. र ला वेलांटी. क्ल च्या पायाशी उकार.
तीन खिळे. एवढ्यावर तू वेगळा नि मी वेगळा."

बाप बराच वेळ पाहत राहिला.
"खिळा पडतो, मान्य. पण जेवढ्या जुन्या प्रती सापडल्या
तेवढ्या सगळ्यांत तोच पडला?"
"पहिल्या फर्म्यात पडला की पुढचे सगळे तसेच."
"मग तो पहिला फर्मा दाखव."
तो कुणाकडेच नव्हता. चहा यायचा.

मग भावांवर घसरायचे.
मोशेसारखा संदेष्टा भावांमधून उठेल, ते भाऊ कोण?
इसहाकाचा भाऊ इस्माईल, त्याची औलाद, चाचा म्हणायचे.
बाप म्हणायचा, भाऊ म्हणजे घरातलेच.
"म्हसळ्याच्या कोर्टात तुला खेचणारा तो चुलत, तो भाऊ?"
"सातबाऱ्यावर आहे," चाचा म्हणाले,
आणि त्या दिवशी पुढे बोलले नाहीत.

एकदा बाप नको ते बोलून गेला. नबीबद्दल.
चाचांनी आपली केस दाराकडे ओढून नेली.
अकरा दिवस मी मधून गॅल्या पोचवल्या.
बाराव्या दिवशी बापाला ळ कमी पडला.
चाचांनी मूठभर ळ आणून ठेवले, न बघता.

बाप गेला तेव्हा महिन्याच्या मिस्सेचं कार्ड छापायचं होतं.
आईने निवडलं नेमकं तेच वचन.
छापखान्यात जुळारी एकच उरला होता.
मी म्हटलं, चाचा, दुसरं वचन घेऊ या?
"कॉपीत आहे तसं," ते म्हणाले,
"जुळाऱ्याने मधे बोलायचं नसतं.
आणि मला ते अजून पटलेलं नाही, हेही लक्षात ठेव."

कैवारी.
दोन मात्रा, एक काना, एक वेलांटी.
जिथल्या तिथे.

प्रूफ वाचताना चूक निघाली ती आडनावात. घोनसालवीस.
तीस वर्षं त्यांनी त्याला नुसतं बस्त्या म्हटलेलं.
चाचांनी चिमट्याने खिळा उपसला, उजेडाकडे धरला.
"बघ. नक्कल करताना चूक होते ती अशी.
मी काय सांगत होतो त्याला?"

बाप काय म्हणाला असता ते मला ठाऊक होतं.
कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.
"पण सापडली ना, चाचा."

ते हसले नाहीत. खिळे बदलले, फर्मा आवळला.
मग ते पहिलं प्रूफ माझ्यापुढे सरकवून म्हणाले,
"हे फाडू नकोस."
ते माझ्याकडे आहे.