दहा ग्रॅम

निफाडची थंडी स्वेटरात घेऊन
तो रोज नाशिकच्या सिव्हिलला येतो.
पॅकहाउसात द्राक्षं तोलणारा,
अर्ध्या किलोचा पनेट नुसत्या हातानं ओळखणारा.

भोये सिस्टर दार किलकिलं करतात.
"आज अकराशे तीस."
"म्हणजे दहाच वाढलं?"
"दहा वाढलं."

दोन मणी, तो मनात म्हणतो.
पेटी भरताना खाली पडले
तर कुणी वाकतही नाही.

आत बायकोनं वाटीत पिळलेलं दूध
सिस्टर नळीतून उतरू देतात, थेंब थेंब.
स्टुलावर त्यांच्या चहावर साय धरते.

मग म्हणतात, "हात धुवा, कोपरापर्यंत.
शर्टाची बटणं काढा."

टोपीसकट पोर छातीवर येते.
तो दगड होतो.

"श्वास घ्या, दादा.
ऐकून ऐकून
तिलाही जमेल."