तीन ओळींचं कार्ड

एप्रिलचा दुसरा शनिवार.
बर्फ उरलाय तो फक्त धान्यकोठाराच्या उत्तरेला,
कुणीतरी झटकायला टाकून विसरलेल्या चादरीसारखा.
व्हर्लिननं संग्रहालयाच्या कुलपात आधी तेल घातलं,
मग शिवी घातली,
मग ते उघडलं.

इथे पूर्वी लोणी काढायचे.
फरशीला अजून उतार आहे, मधोमध नाली.
ठेवाल ते वर्षभरात नालीकडे सरकतं,
म्हणून प्रत्येक काचपेटीच्या एका पायाखाली
लाकडाची पाचर.

यंदा मांडलंय घराघरांतून निघालेलं सामान.
काटेरी तारेचे एकोणचाळीस प्रकार
(मला विचाराल तर चार, बाकी भावाभावांतली भांडणं).
चक्रीवादळानं पाच मैल नेऊन
कुणाच्या तरी वाफ्यात अलगद ठेवलेली बशी.
लोलक नसलेली शाळेची घंटा.
एक डबा, किल्ली हरवलेला,
आत काय आहे ते देणारीलाही ठाऊक नाही,
हलवला की खुळखुळतो.

कार्डं मी लिहिते.
चौतीस वर्षं काउंटीच्या कचेरीत
जन्म, लग्नं, मृत्यू, गुरांवरचे डाग नोंदवले,
त्यामुळे माझं अक्षर लोकांना खरं वाटतं.
तीन ओळी. काय, कुणाचं, कधीचं.
चौथी आली की कार्ड चौकटीत बसत नाही.

अर्डिथ कोलारनं एमिलचं अकॉर्डियन दिलं.
दिलं म्हणजे टेबलावर ठेवलं
आणि हात काढलाच नाही.
मी लिहीत होते, शाई वाळत होती,
हात तिथेच.
"एक बटण मुकं आहे," ती म्हणाली, "तेही लिही."
मी म्हटलं, चौथी ओळ होईल.
तिनं मान हलवली, जशी ती
हवामानाच्या बातम्यांना हलवते.

संध्याकाळी मागच्या शेडमध्ये कार्यक्रम.
पाच डॉलर तिकीट, जर्दाळूच्या कोलाची वेगळ्या.
बारा वर्षांच्या ब्रिंलीनं लिलाववाल्याच्या तोंडानं
आपले सगळे मास्तर एकेक करून विकले;
गणिताच्या सरांना बोलीच लागेना,
शेवटी ते स्वतःच हात वर करून
स्वतःला सात डॉलरला घेऊन गेले.

मग शेजारच्या काउंटीतले तिघे.
ट्युबा, ड्रम, अकॉर्डियन.
दुसऱ्याच पोल्काला भात्याची शिवण उसवली,
एक लांब सुस्कारा, आणि संपलं.
ड्रमवाला जरा वेळ एकटाच वाजवत राहिला, शिष्टाचार म्हणून.
लोकांनी छताकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं,
अर्डिथकडे मात्र कुणी पाहिलं नाही,
इतकं ठरवून की तिला उठावंच लागलं.
"किल्ली," ती मला म्हणाली.

सेडलाचेकचा धाकटा, बावीस वर्षांचा,
परकं घोडं जोखावं तसे त्यानं पट्टे खांद्यावर घेतले.
चाल नीट निघाली, वळली, वर चढली,
आणि मुक्या बटणावर
पायरी चुकल्यासारखी रिकामी पडली.

मागच्या रांगेत एका म्हातारीनं पाय आपटला.
पुढच्या फेरीला चौघांनी.
तिसऱ्या फेरीला साठीच्या पुढची अख्खी शेड,
धप्,
बरोबर त्या भोकात.
पोरगा दचकला, पण थांबला नाही.

एमिल तिथे पाय आपटायचा.
तीस वर्षं आमच्या लग्नांतून, बारशांतून, पीक निघाल्यावर,
आणि आम्हाला वाटायचं चालच तशी आहे.
मुलांनाही तशीच शिकवली.

अकॉर्डियन परत आलं नाही.
शरदापर्यंत पोराकडे, असं ठरलं,
कुणी ठरवलं ते मी नोंदवलेलं नाही.
रविवारी लोक आले, रिकाम्या काचेपुढे
टोप्या काढून तीन ओळी वाचत उभे राहिले.
व्हर्लिन म्हणतो कालचे प्रेक्षक चौसष्ट,
माझ्या वहीत एकसष्ट.
तो वाजवणारेही मोजतो.

दुपारी अर्डिथ आली.
ओझं गेल्यामुळे काचपेटी हलकी झाली होती,
तिच्या पायाखालची पाचर जरा बाहेर आली होती.
तिनं बुटाच्या टाचेनं ती आत ढकलली,
एकदाच,
गरजेपेक्षा थोडी जोरात.