दुसरा गियर

गाडी मी चालवते.
हे आधीच सांगितलेलं बरं,
म्हणजे मिरजेच्या पंपावरचं पोरगं
जसं बघत राहिलं
तसं तुम्ही बघणार नाही.

त्रेपन्नाव्या वर्षी शिकले, होम मैदानावर,
पहाटे, क्रिकेटवाली पोरं यायच्या आत.
विड्या वळून वळून बोटं अशी झालीत
की स्टिअरिंगही मी जरा वळूनच धरते,
दोरा बांधायचा राहिल्यासारखं.
यांची नजर गेली
जेकॉर्डच्या कार्डांना भोकं पाडण्यात.
चादरीवर मोर, चादरीवर कमळ,
आणि एका व्यापाऱ्याला हव्या होत्या म्हणून लाटा,
समुद्र न बघता काढलेल्या.
दर आठ इंचांवर रिपीट.

साखर पेठेतून निघालो तेव्हा अंधार.
मागच्या सीटवर कडक भाकऱ्यांची चळत,
शेंगाचटणी, पाण्याचे दोन कॅन.
जिथं जाऊ तिथं पाणी नसणारच,
हा आमचा सोलापुरी हिशोब.

मंगळवेढ्याला उजाडलं.
काळं रान, सपाट, पार कडेपर्यंत.
चौथा गियर टाकला आणि विसरून गेले.
हे दगड वाचत होते मोठ्यानं,
डोळे बारीक करून, निम्मे चुकीचे.
सांगोला ११ म्हणाले, होतं १९.
मी दुरुस्त केलं नाही.
शेजारी कुणी दगड वाचत असलं
की रस्ता आपला वाटतो.

आंबा घाटात मात्र बोलणं संपलं.
एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला ओला दगड,
आणि धुक्यातून एसटी आली ती
आधी हॉर्न, मग दिवे, मग अख्खं पोट.
"मेल्लगा," हे म्हणाले. "मेल्लगा, मेल्लगा."
जन्मभर माझ्याशी मराठीत भांडलेला माणूस
भ्यायचं मात्र तेलुगूत.
दुसरा गियर. वळण. परत दुसरा गियर.
हिरवं तर इतकं, की मला रागच आला.
एका जिल्ह्याला एवढं कशाला?

खाली, सुरूच्या बनामागं
रस्ता संपला, तिथं तो होता.
हे चपला हातात घेऊन पुढं गेले.
घोट्यापर्यंत. पोटरीपर्यंत.
एक बोट हवेत धरून उभे,
ही लाट, मग ती लाट, मग परत पहिल्यापासून.
मला कळलं काय शोधतायत.
रिपीट.

"अहो," मी म्हणाले.
वाऱ्यानं ते उचललं आणि मागं सुरूत टाकलं.
"अहो!"
पाणी गुडघ्यावर.
हा शब्दच घराच्या मापाचा,
चुलीपासून मोरीपर्यंत पोचतो, पुढं नाही.
मग मी नाव घेतलं.
लग्नात घेतलं होतं, तेही यमकात लपवून.
आता नुसतं, पोटातून,
मल्लेशम!

ते वळले,
शाळेत हजेरीला वळावं तसे.
"सापडेना गं," म्हणाले,
"कुठनं सुरू होतंय तेच."
विजार भिजलेली, चेहरा लहान.

परतीचं काय सांगायचं.
घाट चढताना गाडी तापली.
बॉनेट उघडून आम्ही भाकरी खाल्ली,
तीन माकडांच्या देखत.
कॅनमधलं पाणी शेवटी इंजिनाला लागलं.
नावाबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता सोलापूर.
पाणी चौथ्या दिवशी येतं,
येतं तेही रात्री दोनला.
नळ आधी खोकतो, मग हवा सोडतो,
मग गल्लीभर ड्रम वाजायला लागतात.
मी घागर लावली. हाक मारली.
अहो, पाणी आलं.
घोरणं चालूच.
अंगावर तीच लाटांची चादर,
डाग पडला म्हणून व्यापाऱ्यानं परत केलेली.
अहो.
भिंतीपलीकडं गुंडेटीबाई जाग्या,
त्यांना सगळं ऐकू जातं.
जाऊ दे.
मी दारात उभी राहिले
आणि दुसऱ्यांदा घेतलं,
मेल्लगा.

चादर हलली.